खालची ओळ

१

शनिवारी सकाळी मानवतला एसटीतून उतरेपर्यंत सुनेत्राबाईंना तीन फोन येऊन गेले होते, आणि तिन्हींत बातमी एकच होती. चारठाणकर सरांच्या जुन्या कॉम्प्युटरातली चिप चोरीला गेली.

पहिला फोन खुद्द सरांचा. व्यंकटराव चारठाणकर म्हणजे सुनेत्राबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण राजेश्री जाऊन अकरा वर्षं झाली होती. "चोर सापडलाय," सर म्हणाले. "भागवत. आज पाचच्या आत चिप आणून दिली तर ठीक, नाहीतर मी ठाण्यात तक्रार देणार. तुझा विद्यार्थी ना तो? मग कळवून ठेव त्याला."

दुसरा फोन सरांच्या सुनेचा, निवेदिताचा. "मावशी, तुम्ही या बरं. बाबा कुणाचंच ऐकायले नाहीत."

तिसरा भागवतचा. बोरीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मानवतच्या बसस्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण बोलता बोलता रडू लागला. "मॅडम, सोमवारी तंत्रनिकेतनात हजर व्हायचंय मला. पोलिसात नाव गेलं तर कोण ठिवून घेतंय? सात वर्षं त्या नोकरीसाठी घासायलोय मी. चिपेला तर माझं बोटबी लागलं न्हाई."

सुनेत्राबाईंनी परभणीत तीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवले होते. परीक्षेत एकाच्या नावावर दुसरा बसला, तर कागदावरचे ठोके बघून त्या माणूस ओळखायच्या. कुणाची करंगळी कच्ची, कुणाचा अंगठा जड, हे त्यांना पाठ असायचं. पुढे क्लास बंद पडला, पण बघण्याची खोड गेली नाही. भागवत त्यांच्याकडे वर्षभर शिकला होता. हे पोर खोटं टाइप करायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण एवढ्यावर पोलीस थोडेच परत जाणार होते.

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

२

सरांच्या घरात पुढची खोली माणसांची नव्हतीच. तीन भिंतींना मांडण्या आणि मांडण्यांवर जुने कॉम्प्युटर. रबरी बटणांचा स्पेक्ट्रम, जाडजूड कमोडोर, लाकडी पट्टीचा अटारी, टीव्हीला जोडून खेळायचे कॅसेटवाले डबे. कुणी नांदेडच्या भंगारातून आणलेला, कुणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून. सर एकेकाचं पोट उघडायचे, फुगलेले कपॅसिटर काढून नवे घालायचे, मेमरी वाढवायचे. काढलेला एकेक भाग काचेच्या बाटलीत, वर तारखेची चिठ्ठी. या माणसानं आयुष्यात काही फेकून दिलेलं नव्हतं.

मधोमध टेबलावर मानाचा गणपती, १९८६ साली शाळेला सरकारी योजनेतून मिळालेला बीबीसी मायक्रो. त्यावर मराठी अक्षरं उमटवणारा आणि टायपिंग शिकवणारा 'अक्षरओळख' हा प्रोग्रॅम सरांनी १९८७ साली केला होता. पेपरात फोटो आला होता, सत्कार झाला होता, शाल अजून कपाटात होती. प्रोग्रॅम एका चिपेवर पुण्याहून उतरवून आणलेला. जगात त्याची प्रत ती एकच. आणि उद्या, रविवारी, पुण्याच्या एका संग्रहालयाची माणसं हे मशीन सरांच्या नावाच्या पाटीसकट न्यायला येणार होती.

"शुक्रवारी सकाळी चालू केलं," सर सांगू लागले. सत्तरी उलटली तरी आवाज वर्गातला. "मशीन सुरू झालं, पण अक्षरओळख येईना. तिथंच ओळखलं मी, चिप पळवली म्हणून."

"आणि भागवतनं, हे कशावरून?"

"पंधरा दिवस मशीन त्याच्या दुकानात होतं. नव्या टीव्हीला जोडता यावं म्हणून नवी सर्किटची पट्टी बसवायला दिलं होतं. चिप मात्र मी घरातच ठेवली होती, भरवसा कुणाचा द्यावा? मंगळवारी दुपारी त्यानं मशीन आणून दिलं. मी माझ्या हातानं चिप बसवली, चालू करून बघितलं. झकास चाललं. ही निवेदिता होती की समोर. बुधवारी खंडेनवमी. पूजा झाल्यावर आपण यंत्राला हात लावत नाही. गुरुवारी दसऱ्याला हा सोनं द्यायला आला आणि चहा होईपर्यंत इथं एकटा बसला. पंधरा मिनिटं! दुसरं कोण?"

ऐकायला बिनतोड होतं. सुनेत्राबाईंनी मान हलवली आणि टेबलाजवळ गेल्या. मशीनवर राजेश्रीनं भरतकाम केलेलं कापडी आच्छादन होतं. लाल दोऱ्याच्या फुलीटाक्यांत ओळीनं अक्षरं, क, ख, ग, घ. काठाची शिवण सुनेत्राबाईंनी बघताक्षणी ओळखली. ती त्यांचीच होती. अक्षरओळख झाली त्या वर्षी दिवाळीला राजेश्री कापड घेऊन परभणीला आली होती आणि काठ दुमडून दे म्हणाली होती.

आच्छादन उचललं. खाली निवेदितानं केलेली पूजा तशीच होती, वाळलेलं झेंडूचं फूल, पुढच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना ओल्या हळदी-कुंकवाची बोटं, वर अक्षता.

सुनेत्राबाईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, पुन्हा पुसला. मग आच्छादन परत घातलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पाचपर्यंत वेळ आहे ना? मग मला जरा सगळ्यांशी बोलू द्या."

३

सरांचा मुलगा सारंग पुण्याहून दसऱ्यासाठी आला होता. मागच्या दारी मोबाईल बघत बसला होता.

"सरळच विचार ना मावशी, मी घेतली का म्हणून," तो म्हणाला. "हे सगळं विकायचं माझ्या मनात आहे, हे खरंय. पुण्यात एक गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. बाबांना माहीत नाही. पण चिप गेली तर त्या डब्याला कोण विचारतंय? मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊ का?"

"बाबांवर राग आहे तुझा."

"आईच्या दुखण्यात ते दवाखान्यात किती दिवस बसले, विचार त्यांना. आणि त्या स्पेक्ट्रमची बटणं साफ करायला किती दिवस बसले, तेही विचार." तो परत मोबाईलकडे वळला. राग खरा होता, पण चोराचा नव्हता.

निवेदिता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिचा त्रागा वेगळाच. "मावशी, गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा नाही. पिवळी पडलेली झाकणं पांढरी करायची म्हणून बाबांनी औषध फासून उन्हात मांडलीत. दर दोन तासाला वर जाऊन उलटीपालटी करतात. मला तर वर फिरकू नको म्हणून ताकीदच दिलीय मंगळवारपासून."

"मंगळवारपासून?"

"हो. त्याआधी मीच करत होते की उलटसुलट."

"मंगळवारी मशीन चालू केलं तेव्हा तू होतीस म्हणे."

"पाणी घेऊन गेले होते. भागवतभाऊ टीव्हीच्या मागं वायर धरून उभे होते. बाबा समोर. अक्षरं आली, एकदम लख्ख, कडेपर्यंत स्वच्छ. जुन्या टीव्हीवर कडा गोल असायच्या ना, वरचं खालचं कापलं जायचं. आता सगळं दिसायलं होतं. खाली अजून एक ओळ होती. मी वाचायला पुढं झाले तर बाबांनी वायरच उपटली. डोळे दुखायले म्हणाले."

"काय होतं त्या ओळीत?"

"नाही वाचता आलं, मावशी. बाबांचं तोंड मात्र कसंतरी झालं होतं. मला वाटलं बीपी वाढलं."

सुनेत्राबाईंनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो तसाच घोळवत राहिल्या. अडतीस वर्षं जुन्या टीव्हीच्या काठाआड लपलेली एक ओळ. ती भागवतच्या नव्या पट्टीनं पहिल्यांदा उजेडात आणली होती. आणि ती दोनच माणसांनी बघितली होती, त्यातल्या एकानंच वाचली होती.

भागवत फाटकाबाहेर उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती. सुनेत्राबाईंनी त्याला तिथंच गाठलं.

"चिपेची नक्कल करून ठेवली होतीस का रे?"

"मी इचारलं होतं, मॅडम. म्हनलं, सर, चिप जुनी झाली, कॉपी करून ठिवू का. सर न्हाई म्हनले. जगात एकच हाय ते एकच राहू दे, म्हनले."

"असली चिप कशानं खराब होते?"

"तिच्या पाठीवर बारकी काचेची खिडकी असती. त्याच्यावर कागद चिटकवून ठिवायचा. कागद काढून उन्हात ठिवली की आतलं सगळं पुसून जातंय. आठ दिवसांत कोरी. जुनी असली तर त्याच्याबी आधी." तो थांबला. "का हो?"

सुनेत्राबाईंनी गच्चीकडे बघितलं. आश्विनातलं ऊन भर दुपारी पांढरं झालं होतं.

"स्क्रूड्रायव्हर घेऊन आत चल," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर."

४

खोलीत सगळे जमले. सर खुर्चीत, सारंग दाराशी, निवेदिता ओल्या हातानं. सरांच्या मांडीवर तक्रारीचा कागद तयार होता.

"याला कशाला आत आणलंस?" सर गरजले.

"याच्या हातानंच उघडायचंय म्हणून." सुनेत्राबाईंनी आच्छादन काढलं. "भावजी, या मशीनचं झाकण कसं निघतं?"

"खालून आणि मागून स्क्रू काढायचे, अख्खं झाकण वर उचलायचं. शेंबडं पोर सांगेल."

"मग इथं बघा. झाकण आणि बूड जुळतं ती फट ही. निवेदितानं बुधवारी सकाळी बोटं ओढली ती या फटीवरून खाली आलीत. तिन्ही बाजूंनी. हळद वाळून खडखडीत झालीय. एक अक्षता तर बरोब्बर फटीत रुतून बसलीय. झाकण केसभर उचललं असतं तरी हे तडकलं असतं. एक तरी बोट तुटलंय का, दाखवा."

सर पुढं वाकले. हळदीची बोटं गेली तीन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण ते बायकांचं काम. ते त्यांना दिसत नसे.

"म्हणजे बुधवारच्या पूजेनंतर हे मशीन कुणीही उघडलेलं नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "दसऱ्याला भागवतनं नाही. आणि शुक्रवारी तुम्हीसुद्धा नाही. मला दुसरंच कोडं पडलंय. प्रोग्रॅम येईना तर कुणालाही काय वाटेल? चिप जुनी झाली, मेली असेल. तुम्ही तर यातले गुरू. उघडून बघायचं तरी. तुम्ही न उघडताच चोरी झाली म्हणालात. आत चिप नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

सरांचा हात कागदावर आवळला गेला. "अंदाज असतो माणसाला."

"भागवत, उघड."

स्क्रू निघाले. झाकण उचललं तशी वाळलेली हळद टचकन तडकली आणि पिवळी कणी टेबलावर सांडली. आत चिपेची जागा रिकामी होती. पण उघडी नव्हती. बारक्या भोकांच्या दोन रांगांवर कागदाची पट्टी नीट चिकटवलेली होती.

"चोर चिप उपटतो आणि पळतो," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मागं धूळ जाऊ नये, मुंग्या शिरू नयेत म्हणून खळगा झाकत बसत नाही. एवढी माया यंत्रावर या घरात एकाच माणसाची आहे. निवेदिता, वाच गं पट्टीवरचं."

"सोमवार… सप्तमी," निवेदितानं वाचलं. तिनं भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघितलं. "हे पान मंगळवारी सकाळी बाबांनी फाडलं. रोज तेच फाडतात."

"मशीन मंगळवारी दुपारी घरी आलं. बुधवारी सकाळी त्यावर हळद लागली. मधल्या वेळात ही पट्टी आत गेली. तोवर भागवत परत त्याच्या दुकानात गेला होता."

"बाबा?" सारंग म्हणाला.

सर तक्रारीच्या कागदाची घडी घालत राहिले, आणखी बारीक, आणखी बारीक.

"चिप वर आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही मोडवत नाही, काही फेकवत नाही. म्हणून तुम्ही ते काम उन्हाला लावलंत."

५

गच्चीवर पिवळट झाकणं पापडासारखी मांडली होती. त्यांच्या आड एका स्टीलच्या वाटीत, सुट्या बटणांच्या ढिगावर, चिप पालथी पडली होती. पाठीवरचा कागद सोललेला, बारकी काच सरळ सूर्याकडे. मंगळवारपासून पाचवा दिवस.

भागवतनं ती दोन बोटांत उचलून खाली आणली, खळग्यात बसवली, मशीन चालू केलं. एक शीळ वाजली. मशीननं स्वतःचं इंग्रजी नाव सांगितलं आणि पुढं काही नाही. त्यानं तीनदा प्रयत्न केला. ज्यानं त्याला चोर ठरवलं होतं त्याचीच चिप तो जिवंत करायला बघत होता. "कोरी झाली, मॅडम," तो म्हणाला. "लय उशीर झाला."

"काय होतं त्या ओळीत?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

सरांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. मग कुणा दुसऱ्याबद्दल सांगावं तसं म्हणाले, "रचना – राजेश्री. एवढंच. अक्षरं तिनं पाडली होती. चौकटीच्या कागदावर, दुपारी बसून. प्रोग्रॅमही बराचसा तिचाच. मी चिपेवर उतरवून आणला. पेपरवाल्यानं माझं नाव घातलं, मी खोडलं नाही. तीही कधी काही बोलली नाही. मला वाटलं, तिचं काही म्हणणंच नाही. आणि मंगळवारी ती ओळ समोर आली. अडतीस वर्षं ती तिथं बसून होती. मला वाटलं, हसायलीय माझ्यावर."

"हसायली नव्हती ती," सुनेत्राबाई म्हणाल्या. "बाईनं नाव लिहिलं ते कुठं लिहिलं? जिथं कुणाला दिसणार नाही तिथं. तेवढंही तुम्हाला सोसलं नाही. वर या पोराच्या ताटात माती कालवायला निघालात."

सारंग खोलीतून निघून गेला. त्यानं दार आपटलंही नाही.

सरांनी तक्रार फाडली. सुनेत्राबाईंनी सांगितलं तसं दुसऱ्या कागदावर लिहून दिलं, की चिप घरातच सापडली आणि भागवतचा काहीही संबंध नाही. भागवतनं तो कागद खिशात ठेवला. सरांच्या पाया पडायची त्याची रीत होती. आज तो पडला नाही.

"पोलिसात गेलं न्हाई, पर गल्लीत गेलं की, सर," तो दारातून म्हणाला. "दोन दिवसांत सगळ्या मानवतला सांगून झालं तुमचं. ह्यो कागद मी कुणाकुणाला दाखवत फिरू?" आणि तो गेला.

"उद्या पुण्याची माणसं आली की खरं सांगायचं," सुनेत्राबाई म्हणाल्या.

सरांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मास्तरांचाच होता. "काय सांगू? चिप कोरी आहे. चौकटीचे कागद रद्दीत गेले. पेपरात माझं नाव आहे. पुरावा काय, सुनेत्रा?"

मोडता येत नाही, फेकता येत नाही, पण सोडताही येत नाही. आयुष्यभर जमवत आलेला हा माणूस शेवटी ते नावसुद्धा सोडायला तयार नव्हता.

 सुनेत्राबाईंनी आच्छादन मांडीवर घेतलं आणि टाके मोजू लागल्या. क, आठ टाके आडवे, आठ उभे. ख, आठ आणि आठ. पडद्यावर अक्षर मांडायला जेवढे ठिपके, तेवढेच टाके. हे भरतकाम नव्हतंच. राजेश्रीनं सगळा संच कापडावर उतरवून ठेवला होता, ज्ञपर्यंत.

ज्ञनंतर काठ आला. काठ जरा जाड लागला. सुनेत्राबाईंचा हात थबकला.

त्या दिवाळीची दुपार त्यांना आठवली. शिलाई मशीनवर कापड धरून त्यांनीच विचारलं होतं, "अक्का, खाली अजून एक ओळ आहे गं, काठ मारताना आड येईल. आत दुमडून घेऊ का?" राजेश्री थोडी थांबली होती. मग म्हणाली होती, "घे. काही बिघडत नाही." आणि सुनेत्राबाईंनी ओळीत काय आहे हे बघितलंसुद्धा नव्हतं. तेव्हा क्लास सुरू झाला नव्हता, शिवणकाम चालायचं; गिऱ्हाइकांची पोलकी पडून होती, घाई होती.

"निवेदिता, ब्लेड आण गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी काठ उसवायला घेतला. आत लाल दोरा होता, अडतीस वर्षं ऊन न लागलेला, काल भरल्यासारखा गडद. आधी रचना, मग रा, मग जे. डोळ्यांत पाणी आल्यानं त्यांना पुढचं दिसेना. हातानं चाचपडत त्या उसवत राहिल्या. पण शिवण सुटता सुटत नव्हती. टाके त्यांचे स्वतःचे होते, बारीक, घट्ट, एकही चुकलेला नाही.